किडा मित्र की शत्रू? आधी त्याचं तोंड पाहा

सोयाबीनच्या पानावर तपकिरी, ढालीसारख्या पाठीचा ढेकूण बसलेला दिसला की बहुतेक शिवारांत एकच निर्णय होतो. संध्याकाळी पंप पाठीवर. ढेकूण म्हणजे रस शोषणारा, रस शोषणारा म्हणजे शत्रू, आणि शत्रूला औषध. या हिशेबात एक चूक आहे आणि तिचे पैसे शेतकऱ्याच्याच खिशातून जातात. तो ढेकूण शेंगेचा रस पिणारा असू शकतो, तसाच सोयाबीन खाणाऱ्या अळीला भोसकून तिचं अंग रिकामं करणाराही असू शकतो. रंगावरून, आकारावरून किंवा वासावरून (घाण वास दोघांनाही येतो) फरक कळेलच असं नाही. तोंडावरून मात्र कळतो.

शेतातल्या कीटकांची नावं हा सीमाभागात आणखी एक गुंता आहे. माहितीपत्रक कन्नडमध्ये, किड्याचं शास्त्रीय नाव लॅटिनमध्ये आणि बांधावरची चर्चा मराठीत. ठिपक्यांचा जो भुंगेरा महाराष्ट्रातल्या कृषी पत्रकात ‘ढालकिडा’ असतो, तोच कन्नड शेतकऱ्याचा ‘गुलगंजी हुळ’, म्हणजे गुंजेच्या बीसारखा किडा. नाव सांगून एकमेकांना समजेलच असं नाही. पण भिंगातून तोंड दाखवलं, तर निपाणीच्या आणि कागलच्या शेतकऱ्याला एकच गोष्ट दिसते.

एकाच सामानातून चार हत्यारं

कीटकाचे जबडे आपल्यासारखे वरखाली चालत नाहीत, ते आडवे चालतात. अडकित्ता आडवा धरून उघडझाप केला तर जसं दिसेल तसं. समोर वरचा ओठ, त्यामागे जबड्यांची मुख्य जोडी, तिच्यामागे छोट्या, मदतनीस जबड्यांची दुसरी जोडी आणि सगळ्यांत मागे खालचा ओठ. मध्ये जिभेसारखा एक भाग. सगळ्या कीटकांच्या तोंडाचं मूळ सामान एवढंच. नाकतोड्यात ते जवळपास जसंच्या तसं दिसतं. पण कोणाकडे त्याची सुई झाली, कोणाकडे विळा झाला, कोणाकडे आकडा, तर कोणाकडे झेप घेणारा हात.

शिकार करणाऱ्या कीटकापुढे पानं खाणाऱ्यापेक्षा वेगळी अडचण असते. पान पळून जात नाही, लाथ मारत नाही, उलटून चावत नाही. अळी हे सगळं करते. त्यामुळे शिकाऱ्याच्या तोंडाला तीन कामं करावी लागतात: पकडून ठेवणं, गप्प करणं आणि आतलं मांस बाहेर काढणं. तिसऱ्या कामासाठी बऱ्याच शिकारी कीटकांनी शोधलेली युक्ती चमत्कारिक आहे. ते स्वयंपाक पोटात करत नाहीत, भक्ष्याच्याच अंगात करतात. लाळेतून पाचक रस आत सोडायचे, मांस पातळ झालं की पिऊन टाकायचं. मागे राहतं ते फक्त कातडं. शेतात पानाला लटकलेली, काळी पडलेली, पिशवीसारखी रिकामी अळी दिसली, तर ते औषधाचंच काम असेल असं नाही. रोगानंही अळ्या अशा लटकतात. पण जवळपास सोंड रोखून बसलेला ढेकूण असेल, तर शंका त्याच्यावर घ्यावी.

ढेकणाची सोंड

ढेकूणवर्गातल्या सगळ्या कीटकांची सोंड आतून एकसारखी असते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांचीही बांधणी तीच. बाहेरून दिसणारी नळी म्हणजे खालच्या ओठाची म्यान. म्यानात केसासारख्या चार सुया. बाहेरच्या दोन सुया मूळच्या मुख्य जबड्यांच्या, आतल्या दोन मदतनीस जबड्यांच्या. आतल्या दोन्ही एकमेकींत अशा अडकलेल्या असतात की त्यांच्या मध्ये दोन बोगदे तयार होतात: एकातून लाळ खाली जाते, दुसऱ्यातून अन्न वर येतं. टोचताना म्यान आत शिरत नाही, सुयाच शिरतात.

मावा या सुया पानाच्या पेशींच्या मधून वाट काढत, साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांपर्यंत नेतो. तिथला रस मुळात दाबाखालीच असतो, त्यामुळे माव्याला ओढायचे कष्टही कमी. रसात साखर भरपूर आणि प्रथिनं कमी, म्हणून तो गरजेपेक्षा खूप जास्त पितो आणि जादा साखर मागून टाकतो. तोच पानांवरचा चिकटा. त्यावर बुरशी वाढली की पान काजळी धरल्यासारखं काळं होतं.

शिकारी ढेकणाकडे हेच सामान आहे, फक्त घडण मजबूत. त्याच्या बाहेरच्या सुयांना टोकाशी गळासारखे उलटे काटे असतात. एकदा टोचलं की अळीनं कितीही पिळे मारले तरी सुई सुटत नाही. लाळही साधी नाही. ती अळीला लुळी करते आणि मांस विरघळवते.

इओकॅन्थेकोना नावाचा शिकारी ढेकूण सोयाबीन, तूर, कापूस, तंबाखू अशा पिकांत आढळतो. तपकिरी अंग, खांद्यावर दोन्ही बाजूंना काटा. तंबाखूवरची पानं खाणारी अळी, जी आता सोयाबीनवरही तितकीच त्रास देते, ती त्याचं आवडतं खाणं. घाटेअळीही तो सोडत नाही. निपाणी भागात एकेकाळी तंबाखू आणि आज सोयाबीन, पण अळी तीच आणि तिचा शिकारीही तोच.

मग शेंगा पोचट करणारा ढेकूण आणि हा, यांच्यात फरक ओळखायचा कसा? किड्याला पारदर्शक पिशवीत किंवा बाटलीत घ्यावं आणि पोटाच्या बाजूनं पाहावं. पिकाचा रस पिणाऱ्याची सोंड बारीक, दोऱ्यासारखी असते, पायांच्या मधून पोटाला चिकटून मागे गेलेली असते आणि तिचं बूड डोक्याखालच्या दोन कडांमध्ये अडकलेलं असतं. शिकाऱ्याची सोंड जाड असते, त्याच्याच मिशीच्या साधारण दुप्पट, आणि तिचं बूड मोकळं असतं. त्यामुळे तो ती थेट तोंडासमोर भाल्यासारखी रोखू शकतो. याचं कारण सरळ आहे. झाडाचा रस प्यायचा तर सुई खाली टोचायची. वळवळणाऱ्या अळीला मात्र हातभर अंतरावर ठेवूनच टोचलेलं बरं. कधी कधी हा ढेकूण आपल्यापेक्षा मोठी अळी सोंडेच्या टोकाला लटकवून चालताना दिसतो. असं दृश्य एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

रेडुव्हिड नावाचे लांबट डोक्याचे, बारीक मानेचे ढेकूण हे यांचे चुलतभाऊ. त्यांची सोंड आखूड आणि पोपटाच्या चोचीसारखी बाकदार असते. ती पोटावर मागे न जाता पुढच्या पायांच्या मध्ये असलेल्या खाचेत टेकलेली असते. यांना मात्र बोटांत पकडू नये. अळीला लुळी करणारी सुई माणसाच्या कातडीतही शिरते आणि ती वेदना गांधीलमाशीच्या डंखाची आठवण करून देते.

ढालकिडा, पण कोणता?

ठिपक्यांचे सगळे भुंगेरे मित्र, असं आता बऱ्याच शेतकऱ्यांना माहीत झालंय आणि नेमकं तिथेच वांगी लावणारे फसतात. वांग्याची पानं चाळणीसारखी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा एपिलॅक्ना भुंगेरा हा ढालकिड्यांच्याच घराण्यातला. पण त्या घराण्यातली ही शाकाहारी पाती.

फरक पुन्हा जबड्यात. मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या जबड्याचं टोक दोन अणकुचीदार दातांत फुटलेलं असतं. मावा पकडायचा, भोसकायचा आणि चिरडायचा, यासाठी तेवढं पुरतं. एपिलॅक्नाच्या जबड्याला अनेक दातांची ओळ असते आणि तो पानाचा हिरवा थर खरवडून काढतो, म्हणून पानावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेषा उरतात. हे दात पाहायला सूक्ष्मदर्शक लागेल, पण त्याशिवायही काम भागतं. मित्र भुंगेऱ्याची पाठ वार्निश दिल्यासारखी चकचकीत असते. एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक लव असल्यामुळे ती मळकट, निस्तेज दिसते.

खरा घोळ अळ्यांचा. ढालकिड्याची अळी ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही. काळपट-करडी, अंगावर नारिंगी ठिपके, सहा पाय पसरून सुसरीच्या बारक्या पिल्लासारखी पानावरून फिरणारी. आपल्या पिकाला हिनेच खाल्लं, अशी शंका यावी असंच तिचं रूप. प्रत्यक्षात तीच सगळ्यांत मोठी खादाड असते. कोशात जाईपर्यंत काही शे मावा फस्त करते. लहान असताना ती माव्याच्या अंगात पाचक रस ओकून परत पिऊन घेते, मोठी झाली की पाय-मिशांसकट चावून टाकते. एपिलॅक्नाची अळी पिवळसर असते आणि तिच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात. एवढं लक्षात ठेवलं तरी वांग्याच्या वाफ्यातला गोंधळ मिटतो.

द्राक्षबागायतदारांची गोष्ट याहून कठीण. अथणी, तासगाव, विजापूर या पट्ट्यात पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, हे नाव काढलं तरी कपाळाला आठ्या पडतात. त्याचा कर्दनकाळ असलेला क्रिप्टोलेमस भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि आजही प्रयोगशाळांत वाढवून बागांत सोडला जातो. त्याची अळी मात्र अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके वागवते आणि थेट मिलीबगसारखीच दिसते, किंबहुना त्याहून मोठी. पैसे देऊन आणलेले मित्र सोडायचे आणि पंधरा दिवसांनी ‘मिलीबग वाढला’ म्हणून त्यांच्याच अळ्यांवर औषध मारायचं, हे त्यामुळे अगदी सहज घडू शकतं. ओळखायची खूण चालीत आणि तोंडात: मिलीबग सोंड रुतवून एका जागी चिकटून असतो, क्रिप्टोलेमसची अळी चपळ असते आणि उलटी करून पाहिली तर सोंड नाही, चावणारे जबडे दिसतात.

२००२ चा ऊस आणि विळ्याचा जबडा

ही सगळी माहिती पुस्तकी वाटत असेल, तर लोकरी माव्याचं वर्ष आठवावं. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या उसावर पानांच्या खालच्या बाजूला कापूस पिंजून चिकटवल्यासारखा पांढरा थर दिसू लागला. हा मावा देशाच्या पूर्व आणि ईशान्य भागात आधीपासून माहीत होता. इकडच्या शेतकऱ्याला नवा होता. बघता बघता तो कोल्हापूरकडे पसरला आणि त्याच वर्षी राज्याची हद्द ओलांडून बेळगाव, बागलकोट, विजापूरच्या फडांत पोहोचला. पानं चिकट आणि काळी, ऊस खुरटलेला, उतारा घसरलेला. पुरुषभर उंचीच्या फडात शिरून पानाच्या खालच्या बाजूला औषध पोहोचवणं जवळपास अशक्य होतं, आणि जे पोहोचलं ते मेणाच्या लोकरीवरून ओघळून गेलं.

या माव्याची तयारीही काही कमी नव्हती. अंगावर मेणाचं पांघरूण, आणि त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या कपाळावर दोन बारीक शिंगं. शिकारी कीटकाची अंडी किंवा कोवळी अळी जवळ आली की ही पिल्लं तिच्यावर तुटून पडतात आणि एकमेकांना इशारा देणारा वासाचा थेंब सोडतात. म्हणजे सैन्य आणि भोंगा, दोन्ही.

तरीही फडात काही महिन्यांनी दोन पाहुणे वाढलेले दिसू लागले. कीटकतज्ज्ञांनी त्यांची नावं सांगितली: डिफा आणि मायक्रोमस.

डिफा ही पतंगाची अळी. पतंगाच्या बहुतेक सगळ्या अळ्या झाडपाला खातात. घाटेअळी, खोडकिडा, लष्करी अळी, सगळ्या त्याच गोतावळ्यातल्या. डिफा मात्र मांसाहारी. तिच्या तोंडात वेगळं असं काही नाही, इतर अळ्यांसारखेच कुरतडणारे जबडे. फरक राहणीत आहे. ती माव्याच्या थराखालीच रेशमाचं विरळ जाळं विणते आणि त्याच्या आडोशाला राहून एकेक मावा कुरतडत जाते. ज्या शेतकऱ्याला उसावरची अळी म्हणजे खोडकिडाच ठाऊक, त्याला ‘या अळीला हात लावू नका’ हे पटवणं सोपं नव्हतं.

मायक्रोमसचं तोंड मात्र मुद्दाम थांबून पाहण्यासारखं आहे. तो जाळीदार पंखांचा, तपकिरी रंगाचा इवलासा कीटक. त्याच्या अळीच्या डोक्यातून पुढे दोन विळे निघालेले दिसतात. शेतकऱ्यांना जास्त माहीत असलेल्या क्रायसोपाच्या अळीलाही असेच विळे असतात आणि रचना दोघांचीही एकच. प्रत्येक विळा खरं तर दोन तुकड्यांचा आहे. वर मुख्य जबडा, खाली मदतनीस जबडा, दोघांच्या आतल्या बाजूला पन्हाळ. दोन पन्हाळी एकमेकींवर बसल्या की बंद नळी तयार. म्हणजे एकाच अवयवात पकड, सुई आणि पिण्याची नळी. अळी दोन्ही विळे माव्यात रुतवते, लाळ सोडते, आणि बऱ्याचदा माव्याला हवेत उचलून धरून पिते. पाय टेकायला जागाच नाही, तर मावा धडपडणार कसा? थोड्या वेळात त्याचं अंग हवा गेलेल्या फुग्यासारखं चपटं होतं.

या अळीला आपल्यासारखं उघडं तोंडच नाही. जे काही आत जायचं ते विळ्यांतून. आणि मागच्या टोकाचीही तीच तऱ्हा. तिचं पोट मागच्या आतड्याला जोडलेलं नसतं. पातळ, पचवलेलंच अन्न आत येतं, त्यामुळे टाकाऊ भाग थोडाच उरतो. तो ती साठवून ठेवते आणि कोशातून पंखवाला कीटक होऊन बाहेर आल्यावरच टाकते. मागचा रस्ता तोवर दुसऱ्या कामाला लागतो: कोश विणायचं रेशीम तिथून येतं.

धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठानं मायक्रोमस मोठ्या संख्येनं वाढवण्याची पद्धत बसवली. ईशान्य भारतातून एन्कार्सिया नावाची माव्याच्या अंगात वाढणारी इवलीशी परोपजीवी माशीही आणून सोडण्यात आली. शेतकऱ्यांना शिफारस होती ती हेक्टरी डिफाच्या १००० अळ्या किंवा मायक्रोमसच्या २५०० अळ्या सोडण्याची. त्याहून सोपा उपाय म्हणजे ज्या फडात डिफा आहे, तिथली अळी-कोश असलेली पानं कापून दुसऱ्या फडात नेऊन अडकवायची आणि त्या फडात औषध मारायचं नाही. दोन-तीन हंगामांत लोकरी माव्याचा जोर ओसरला. पुढेही तो अधूनमधून दिसत राहिला, पण २००२ सारखा हाहाकार झाला नाही.

एकाच किड्याची दोन तोंडं

इथे एक मेख आहे. मायक्रोमसचा पंखवाला कीटकही मावाच खातो. पण क्रायसोपाचं तसं नाही. आपल्याकडे जो जास्त वापरला जातो, त्याची अळी विळेवाली वाघीण; मोठा झाल्यावर मात्र तो फुलांतला मध, पराग आणि माव्याचा चिकटा यांवर जगतो. कोशात शिरताना विळे घेऊन गेलेला कीटक बाहेर येताना साधे चावरे जबडे घेऊन येतो. शिकार बंद.

सिरफिड माशीची गत याहून टोकाची. तिच्या अळीला डोकं नाही, डोळे नाहीत, पाय नाहीत. तोंडाच्या जागी आत ओढलेले दोन काळे आकडे. ती पुढचं टोक डावी-उजवीकडे फिरवत आंधळ्यासारखी चाचपडत राहते, मावा लागला की आकडा अडकवते, वर उचलते आणि चोखून टाकते. ज्वारीच्या किंवा मोहरीच्या माव्यात हिरवट, लिबलिबीत, जळवेसारखी अळी दिसते ती हीच. तिची आई मात्र मधमाशीचा वेष घेऊन फुलापुढे हवेत एका जागी तरंगत असते, आणि तिचं तोंड स्पंजासारखं, मध-पराग टिपणारं.

याचा शेतीतला अर्थ असा की नुसता मावा असून हे मित्र टिकत नाहीत. अंडी घालणाऱ्या आईला फुलं लागतात. बांधावरचं सगळं गवत तणनाशकानं जाळून, शिवार सिमेंटच्या अंगणासारखं स्वच्छ केलं की अळ्यांचं जेवण शिल्लक राहतं पण आयांचं संपतं. कोथिंबिरीचे चार वाफे फुलावर सोडणं, कडेनं मोहरी, झेंडू, बडीशेप, मक्याची एखादी ओळ, ही शिफारस शोभेसाठी केलेली नसते.

पाण्यात आणि झाडावर

खानापूरच्या आणि गोव्याच्या भातखाचरांत शिकारीचं आणखी एक तोंड आहे, आणि ते बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं. त्याचा खालचा ओठ लांब होऊन मध्ये बिजागरीसारखा दुमडलेला असतो आणि मुखवट्यासारखा तोंडाखाली झाकून ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की हा ओठ डोळ्याचं पातं लवायच्या आत सरळ होऊन पुढे झेपावतो, टोकाची चिमटी बंद होते आणि शिकार जबड्यांपाशी परत. आपला ओठ हातभर लांब फेकून ताटातली भाकरी उचलावी, तसा प्रकार. त्याच खाचरात हिरवा, नाजूक मिरिड ढेकूण भाताच्या खोडात सुई घालून तुडतुड्यांनी आत लपवलेली अंडी शोषून घेतो. जिथे ढालकिड्याचा जबडा पोहोचूच शकत नाही, तिथे सुई पोहोचते.

काजूच्या बागांत ढेकण्या, म्हणजे टी मॉस्किटो, कोवळा मोहोर टोचून करपवतो. त्याला आवर घालणाऱ्यांत पानं शिवून घर करणारे हुमले आहेत. चावतात म्हणून लोक त्यांना शिव्या घालतात, आणि काजू गोळा करणाऱ्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यात चूकही नाही. गंमत अशी की कामकरी हुमल्याचे जबडे पकडायला, फाडायला आणि ओढून न्यायला जबरदस्त, पण स्वतः त्याला घट्ट अन्न गिळताच येत नाही. शिकार घरट्यात नेऊन अळ्यांना खायला घालायची आणि आपण पातळ रसावर राहायचं.

सुई आणि आंतरप्रवाही औषध

तोंडाच्या बांधणीवरून औषधाचाही हिशेब बदलतो. बियाण्याला लावलेलं किंवा मुळाशी दिलेलं आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनतं, म्हणून ते फक्त रस पिणाऱ्या किडीला मारतं आणि मित्रकीटक वाचतात, असं सर्रास सांगितलं जातं. ढालकिड्यासारख्या चावून खाणाऱ्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी ठीक आहे, विषारी मावा पोटात गेला नाही तर. पण शिकारी ढेकणांचं काय? त्यांच्याकडे सुई आहे आणि ते ती अधूनमधून झाडातही टोचतात, पाण्यासाठी. लाळ सोडून शिकार पचवायला पाणी भरपूर लागतं. इओकॅन्थेकोनाची अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं तर पहिल्या अवस्थेत शिकार करतच नाहीत, झाडाच्या ओलाव्यावरच काढतात. फुलकिड्यांची शिकार करणारा इवलासा ओरियस ढेकूणही असाच झाडाला तोंड लावतो. या सगळ्यांना ते औषध शत्रूइतकंच लागू पडतं, आणि कोणाला दिसतही नाही. फवारणीनंतर जमिनीवर पडलेला भुंगेरा दिसतो. तांदळाच्या दाण्याहून लहान मेलेला ओरियस कोण शोधायला जाणार?

पाहणीसाठी फार सामान लागत नाही. शंभर-दीडशे रुपयांचं दहापट भिंग, एक पारदर्शक बाटली आणि सकाळची वेळ, कारण ऊन चढलं की ढेकूण पानाखाली सरकतात आणि भुंगेरे उडतात. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं जवळून काढलेला फोटो मोठा करून पाहिला तरी सोंडेची जाडी कळते. फोटो पोटाच्या बाजूनं काढावा. पाठीचा फोटो पाठवून ‘हे काय आहे, कोणतं औषध मारू’ असं विचारलं की समोरचाही अंदाजच करणार. आणि रात्री घरातल्या दिव्याभोवती हिरवट, जाळीदार पंखांचा, सोनेरी डोळ्यांचा नाजूक पतंग फिरताना दिसला, तर तोच क्रायसोपा. त्याची अंडी पानावर केसाएवढ्या देठाच्या टोकाला एकेक टांगलेली सापडतात. देठ यासाठी की आधी फुटलेल्या अळीच्या विळ्यांना तिचीच भावंडं सहज लागू नयेत.